आधी सगळी चाकं

अक्का,

तेरवी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी गाळा उघडला. शटर वर केलं आणि समोर पाहिलं, तर लांब फळीवर तुझी दोनशे दहा चाकं. दहा-दहाच्या ओळी, प्रत्येक ओळीच्या टोकाला खडूची रेघ. भोकं पाडून झालेली, घासायची बाकी. दांड्यांचं लाकूड अजून फळ्यांतच होतं आणि मुठींचा तर पत्ताच नव्हता. सत्तर पांगुळगाड्यांचं काम हातात घेतलंस, आणि गेलीस तेव्हा मागे एकही गाडा पुरा नाही.

खरं सांगतो, आधी मला रागच आला. मग हसू आलं. तुझी कामातली जोडीदारीण मंगल माझ्या मागून आत आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, चाकांकडे पाहिलं, आणि तीही तोंडाला पदर लावून हसायला लागली. तेरा दिवस घरात रडणं चाललेलं, आणि गाळ्यात पाय टाकल्या टाकल्या आम्ही दोघं असे हसत उभे. शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं डोकावून पाहिलं आणि काही न विचारता निघून गेला.

याच गोष्टीवरून आपण अकरा वर्षं भांडलो की. मी म्हणायचो, "अक्का, समज मधेच काम थांबलं, तर माझ्या पद्धतीनं निदान पंधरा-वीस गाडे पुरे झालेले असतील. तुझ्या पद्धतीनं हाती काय राहणार? नुसती चाकं!"

"राहू दे की. चाकं काय पळून जातात व्हय?"

चाकांबद्दल असं बोलणारं दुसरं माणूस मी पाहिलं नाही.

आपल्या घरातून सुरतेला पहिली आलीस ती तू, भावजींच्या मागोमाग. भावजी लूमवर आणि तू लूमसाठी सुताच्या कांड्या भरायला, उधन्यातल्या एकाच खात्यात. इथं लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात, हे गावाकडे कुणाला ठाऊक! तू पत्रात लिहायचीस, 'मी रोज आठ वाजता खात्यात जाते,' आणि आबांना वाटायचं, पोरीला सरकारी खात्यात नोकरी लागली. त्यांनी गावात चारचौघांना सांगूनही टाकलं होतं. पुढे मी आबांच्या हाताखाली सुतारकाम शिकून तुझ्याकडे आलो आणि परत जाऊन खरं काय ते सांगितलं, तर म्हणाले, "राहू दे, आता सांगू नको कुणाला."

एकोणीस वर्षं तू कांड्या भरल्यास. मग ज्यांना कांडी लागतच नाही अशी नवी मशिनं आली आणि तुम्हा सगळ्या बायकांना एकाच आठवड्यात घरी बसवलं. त्याबद्दल तू माझ्याकडे एक शब्द काढला नाहीस. पुढच्या सोमवारी सकाळी माझ्या गाळ्यात आलीस आणि म्हणालीस, "घरात बसून अंग दुखतंय. झाडू कुठाय?"

मी झाडू दिला. तू अर्धा गाळा झाडलास आणि मग स्टुलावर बसून माझं काम बघायला लागलीस. मला बरं वाटलं. म्हटलं, बहीण कौतुकानं बघतेय. त्या दिवशी मी एक पांगुळगाडा करत होतो. बैठकीची फळी कापली, रंधली. एक चाक कापलं, त्याला भोक पाडलं. दुसरं चाक, तिसरं चाक. मग दांडे, मग मूठ. जेवणाची सुट्टी झाली. तू भाकरी सोडलीस आणि ठेच्याची डबी माझ्यापुढे सरकवत म्हणालीस, "दिगू, सकाळपासून तू करवत चौदा वेळा उचलली आन् चौदा वेळा ठेवली."

"मग?"

"मग काही नाही. लाकूड कापायला कमी आन् अवजार हुडकायला जास्त टाइम घालवतो तू."

आबांनी मला शिकवलं होतं की एक वस्तू हातात घ्यायची आणि पुरी करूनच खाली ठेवायची. एका गाड्याचं सगळं लाकूड एका फळीचं असावं, म्हणजे चाकाच्या रेषा दांड्याच्या रेषांशी जुळतात. ते जुळणं मला फार प्रिय. मी तुला ते समजावून सांगितलं, चांगलं दहा मिनिटं.

तू ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "चालायला शिकणारं लेकरू लाकडाच्या रेषा बघतं का रे?"

"त्याची आई बघते."

"आई लेकराकडं बघती, येड्या."

मग आपण दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मी तीन गाडे घेऊन पलसाण्याला गेलो. परत आलो तो गाळ्यात तीस चाकं रांगेत मांडलेली. तू माझं ड्रिल वापरलंस, मला न विचारता. वर एका प्लायच्या तुकड्यावर ठोकळा ठोकून फर्मा बनवला होतास. चाक त्यात बसवायचं, ड्रिल खाली आणायचं, की भोक बरोबर मधोमध. माप घ्यायचं कामच नाही. मी चिडलो. "आता या तीस चाकांचं मी काय करू?" तू पदरानं लाकडाचा भुसा झटकत म्हणालीस, "आता तीस चाकांचे आख कर. मग सगळे दांडे. एकाच वेळी."

ते दहा गाडे एरवी मला दोन आठवडे पुरले असते. सहा दिवसांत झाले. रेषा कुठंच जुळत नव्हत्या. दहाही गाडे सरळ चालत होते. मी म्हटलं, "ठीक आहे." तुझ्या पद्धतीबद्दल तोंडानं दिलेली ही माझी एवढीच कबुली. अकरा वर्षांत तीवर एक शब्द वाढला नाही.

हेतलबेन पहिल्यांदा गाळ्यात आल्या तो दिवस तुझ्याइतका मलाही पाठ आहे. उशिरा चालायला लागणाऱ्या मुलांचं केंद्र त्या चालवतात. त्यांना बाजारातले छोटे गाडे उपयोगाचे नव्हते. तीन-चार-पाच वर्षांची मुलं, अंगानं वाढलेली, पाय मात्र अजून शिकणारे. गाडा मोठा हवा, उलटू नये, आणि मूठ नेमक्या उंचीवर हवी. "दिगंबरभाई, साठ नंग जोइए," त्या म्हणाल्या. "मूठ नीची हो गई तो बच्चा झुकेगा, झुकेगा तो गिरेगा." रविवारी सगळे पालक मुलांना घेऊन येणार होते, त्याआधी गाडे पोहोचायला हवे होते.

साठ म्हटल्यावर मी बोटांवर दिवस मोजायला लागलो. तू मागून म्हणालीस, "होतील."

दुसऱ्या दिवशी तू नवागामहून मंगलला घेऊन आलीस. खात्यात तुझ्या शेजारच्या मशिनवर बसणारी, अकोल्याकडची, बोलायला फटकळ. गाळ्याला खात्याचं वळण लागलं. चाकांची फळी, दांड्यांची फळी, मुठींची फळी. दहाची ओळ झाली की खडूची रेघ. हात चालू आणि तोंडही चालू. इतक्या वर्षांत गाळ्यात मशिनच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नसे, आणि आता तुम्ही दोघी मशिनच्या वरताण ओरडून गप्पा मारायच्यात. मंगलच्या सासूची सगळी लग्नं-बारशी मला तोंडपाठ झाली.

आणि तो लोचो! रविवारी सकाळी हातगाडीवरून ढोकळ्यासारखा मऊ, गरम लोचो आणायचीस, आणि त्यावर कमरेच्या पिशवीतल्या डबीतून आपलं काळं तिखट भुरभुरायचीस. गाडीवाल्याला पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा त्याला अपमान वाटला. "माजी, इसमें सब डाला है," तो म्हणाला. तू त्याच्याच चमच्यावर चिमूटभर घालून दिलंस. महिन्याभरानं तोच तुला विचारायला लागला, "माजी, वो काला वाला लाए?" तेरवीच्या आदल्या दिवशी तो घरी येऊन बसून गेला. जाताना त्यानं विचारलं, ते तिखट आता कोण करणार. मी म्हटलं, "मंगलला येतं." त्याचा चेहरा जरा उजळला. सांगायचं म्हणून सांगितलं.

आता ते सांगतो, जे आजवर टाळलं.

त्या साठ गाड्यांच्या आठवड्यातला बुधवार होता. एकशेवीस दांडे कापून झाले होते. त्यांना मुठीची भोकं पाडायची होती. फर्मा तुझाच, पण ठोकळा कुठं ठोकायचा ते माप माझं. मी माप घेतलं प्लायच्या कडेपासून आणि ठोकळ्याची जाडी धरायची विसरलो. दांडा टेकतो ठोकळ्याला, कडेला नाही, हे मला सुतार असून सुचलं नाही. तुम्ही दोघींनी दिवसभरात एकशेवीस भोकं पाडलीत. दुपार उलटली तेव्हा मी एक गाडा नमुन्याला जोडून पाहिला. मूठ पाऊण इंच खाली.

तेवढं लाकूड पुन्हा मिळायला आठवडा गेला असता, आणि हातात तीन दिवस होते. मग मी तुझ्यावर ओरडलो. किती विचित्र माणूस मी, चूक माझी आणि ओरडलो तुझ्यावर. "हेच! हेच सांगत होतो मी! एक-एक गाडा केला असता तर एकच दांडा वाया गेला असता. तुझ्या पद्धतीनं एकशेवीस गेले!"

मंगल तेव्हा बाहेर नळावर पाणी भरत होती. ती बादली घेऊन आत आली आणि विचारलं, "काय झालं?" तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "माझ्या हातनं ठोकळा उलटा लागला."

मी गप्प राहिलो, अक्का. तोंड उघडून दोन शब्द बोलायचे होते, ते बोललो नाही.

तू मात्र तिथं थांबलीसच नाही. खाली बसलीस, दहा दांडे एकावर एक रचलेस, आणि एक लोखंडी सळई घेऊन वरच्या भोकातून आत घातलीस. सळई अडखळली नाही, सरळ दहाव्या दांड्यातून बाहेर आली. दुसरे दहा घेतलेस. पुन्हा सरळ. मग हसलीस.

"दिगू, हे बघ. सगळे सारखेच चुकलेत."

"मग?"

"मग काय! एकेक येगळा चुकला असता तर मेलो असतो. सारखे चुकलेत म्हंजे एकच विलाज सगळ्यांना चालंल. पाऊण इंच खाली हाय ना? दांड्याच्या बुडाखाली पाऊण इंचाची पट्टी घाल."

बैठकीची फळी, तिच्यावर पट्टी, पट्टीवर दांडे. मूठ आपोआप पाऊण इंच वर. कोपऱ्यात पडलेल्या तुकड्यांतून गुरुवारी दुपारपर्यंत साठ गाड्यांच्या पट्ट्या निघाल्या. त्या पट्टीनं बैठक इतकी घट्ट झाली की पुढच्या प्रत्येक गाड्याला आपण ती मुद्दाम घालत आलो. हेतलबेन अजून सगळ्यांना सांगतात, "दिगंबरभाई की डिझाइन है."

शनिवारी साठ गाडे पुरे झाले. मी त्यांत गुपचूप एकसष्टावा मिसळला. घरी, सकाळी लवकर उठून, आबांच्या रीतीनं एका सागाच्या फळीतून केलेला. चाकाच्या रेषा दांड्यात चढत होत्या. तुझ्या लगेच लक्षात आलं, पण तोही तू पुसून ओळीत लावलास.

रविवारी केंद्राच्या अंगणात गाडे मांडले. पलसाण्याच्या एका रंगाईच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाची पाच वर्षांची मुलगी होती, दोन वेण्या घातलेली. ती सरकत सरकत आली, सगळ्या गाड्यांकडे पाहिलं, आणि नेमका माझा गाडा धरला. मी तुला कोपरानं ढोसलं. ती उभी राहिली. एक पाऊल. दुसरं. तिसरं. आणि तू इतक्या मोठ्यानं हसलीस, टाळी वाजवलीस, की पोर दचकून धपकन खाली बसली. तुझा चेहरा उतरला. पण ती पोर तुझ्याकडे बघत राहिली, मग पुन्हा मूठ धरून उठली, चार पावलं टाकली आणि थांबून तुझ्याकडे वळून पाहिलं. तू पुन्हा टाळी वाजवावीस असं तिला हवं होतं! त्या दिवशी तू तिच्यासाठी किती टाळ्या वाजवल्यास! हेतलबेन एका हातानं डोळे पुसत होत्या आणि दुसऱ्या हातानं फोटो काढत होत्या.

परतताना रिक्षात मी म्हटलं, "बघितलं? साठ सोडून तिनं माझाच गाडा धरला. लाकडाच्या रेषा कळतात लेकरांना."

"तो दाराजवळ व्हता म्हनून धरला."

"तिनं सगळे बघितले आधी!"

"बघितले, आन् जवळचा घेतला. हुशार हाय पोरगी."

हे भांडण आपण शेवटच्या आठवड्यापर्यंत चालवलं. आता ते एकट्यानं चालवणं माझ्या जिवावर आलंय. गेल्या गुरुवारी मी मंगलला विचारून पाहिलं, तुला काय वाटतं. ती म्हणाली, "मले काय इचारता, मी त्या दिवशी भजी तळत होती."

मंगलला मी आणखी एक सांगितलं. गाळा उघडला त्या पहिल्या दिवशी, तुझी चाकं घासायला बसलो तेव्हा. म्हटलं, "मंगल, तो ठोकळा अक्कानं उलटा लावला नव्हता. माप माझं चुकलं होतं."

तिनं हातातलं चाक थांबवलंसुद्धा नाही. "मले माहीत होतं, भाऊ. अक्का कधी टेपाले हात लावे का? तिले इंच वाचताच येत नव्हते."

हे मला ठाऊक नव्हतं. अकरा वर्षं शेजारी काम करून मला कधी दिसलं नाही की तुझे सगळे फर्मे, सगळे ठोकळे, काठ्या, खडूच्या खुणा, हे सगळं तू टेप वाचावा लागू नये म्हणून केलं होतंस. मला वाटायचं, बाईला घाई फार.

"मग तू बोलली का नाहीस कधी?"

"अक्का नाही म्हने. म्हने, त्याले सांगायचं असंल तवा तो सांगंल."

तू वाट पाहत होतीस. एकदाही आठवण करून दिली नाहीस, तोंड वाकडं केलं नाहीस, आणि वाट पाहत होतीस. गेलीस त्या रविवारी दुपारी तू जेवून पडलीस आणि उठलीच नाहीस. सकाळी मी तुझ्यासमोर बसून चहा घेतला होता. तेव्हा सांगता आलं असतं. काय झालं असतं? तू हसली असतीस, एवढंच. अक्का, माप माझं चुकलं होतं. आणि तुझी पद्धत बरोबर होती. 'ठीक' नव्हे, बरोबर.

तर ते सत्तर गाडे. सांगतो काय झालं. मला भीती होती की तुझ्याशिवाय मला कुठून सुरुवात करायची तेच कळणार नाही. पण कळायचं काय होतं त्यात? दोनशे दहाच्या दोनशे दहा चाकं एकाच पायरीवर येऊन थांबलेली. पुढची पायरी घासायची, आणि ती कुणालाही दिसत होती. माझ्या रीतीनं अर्धवट राहिलेला गाडा माझ्यावाचून दुसऱ्या कुणाला पुरा करता आला नसता. तुझं अर्धं काम आम्ही जसंच्या तसं उचललं. पुढच्या आठवड्यात दांडे झाले, मुठी झाल्या, आणि परवा सत्तर गाडे टेम्पोत चढले.

टेम्पोबरोबर मीही गेलो. हेतलबेननी तुझ्याबद्दल फार विचारलं. मग म्हणाल्या, मुलांचे व्यायाम चालू असतात ते दोन तास त्यांच्या आया बाकावर बसून असतात, त्यांतल्या सहाजणींना काम शिकायचंय. "अब नया ऑर्डर है, शिखवशो ने, दिगंबरभाई?"

तू येण्याआधीचा मी असतो तर हसलो असतो. सुतारकाम दोन तासांत? मला आबांनी सात वर्षं शिकवलं. पण मी हो म्हटलं, कारण एक मूठ गोल घासायला शिकायला एक सकाळ पुरते, हे मी मंगलकडे बघून शिकलोय.

आज त्या सहाजणी आल्या. मंगलनं त्यांना फळीजवळ उभं केलं आणि खात्यातल्या मुकादमासारखी कमरेवर हात ठेवून सूचना दिल्या. धुळ्याकडची वैशाली म्हणून एक बाई आहे, नवागामात राहते, तिचा मुलगा चार वर्षांचा आणि अजून उभा राहत नाही. तिला मी मूठ आणि घासकागद दिला, अंगठ्यानं कडा कशी तपासायची ते दाखवलं. घरी अहिराणी बोलणारी, माझ्याशी जपून जपून मराठी बोलत होती. पाच-सहा मुठी झाल्यावर तिनं विचारलं, "भाऊ, ही मूठ कुठल्या गाड्याची?"

"तसं काही ठरलेलं नसतं. सगळ्या सारख्याच. कुठल्याही गाड्याला बसेल."

तिनं हातातली मूठ उलटसुलट करून पाहिली.

"म्हणजे माझ्या मुलाच्या गाड्यालाही बसू शकते?"

"बसू शकते."

मग तिनं घासून झालेल्या सगळ्या मुठी परत स्वतःकडे ओढल्या, पहिली उचलली, आणि कडेवरून पुन्हा एकदा अंगठा फिरवून पाहिला.